लिंक गेलीय

बँकेत जाऊन काम न होता परत येण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. पूर्वी काम न होण्याला कारणं तरी असत. साहेब जेवायला गेलेले असत, सही जुळत नसे, शिक्क्याचं पॅड वाळलेलं असे, नाहीतर भर आठवड्यात कुठलीशी सुट्टी निघे. कारण ऐकलं की माणूस समाधानाने घरी येई आणि चहाबरोबर ते बायकोला सांगे. अलीकडे हे सगळं वैभव गेलं. आता एकच कारण उरलं आहे आणि काउंटरवरची मुलगी ते मान वर न करता सांगते, "लिंक गेलीय."

कुठे गेली, कशी गेली, परत कधी येणार, काही विचारायची सोय नाही. घरातलं मांजर दोन दिवस दिसलं नाही तरी आपण आळीभर चौकशी करतो. पण लिंक गेलीय म्हटलं की रांगेतली शहाणीसुरती माणसं दुःखद वार्ता ऐकल्यासारखी माना हलवतात आणि स्लिपा खिशात घालून निघतात. परवा एका आजोबांनी "कधी?" असं इतक्या हळू आवाजात विचारलं, की मला वाटलं, आता हे सांत्वनाला घरीच जाणार.

त्या दिवसापासून हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर येतो ते मी मोजू लागलो आणि दुपारपर्यंत बोटं संपली. मी मधेच काही विचारलं की आमची ही म्हणते, "थांबा हो, माझी लिंक तुटते." मुलगा सकाळी म्हणतो, "बाबा, लिंक पाठवलीय, क्लिक करा." आणि संध्याकाळी म्हणतो, "अहो बाबा, आलेल्या लिंकवर क्लिक काय करता?" शेजारचे गृहस्थ जिन्यात गाठून कुजबुजत्या आवाजात विचारतात, "मंत्रालयात तुमची काही लिंक आहे का?" याला पूर्वी वशिला म्हणत आणि तो लावताना माणसाला थोडी लाज वाटत असे. लिंक म्हटल्यावर तीही राहिली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची कुणाशी तरी लिंक आहे. मुंबईचा आमचा मेहुणा लिंक रोडला राहतो आणि सी लिंकवरून ऑफिसला जातो. पॅनकार्ड आणि आधारकार्ड यांची सोयरीक वेळेत न जमवल्याबद्दल मी स्वतः १००० रुपये भरले आहेत. लग्न दोन कार्डांचं आणि आहेर माझा!

खोपोलीपासून कुसगावपर्यंतच्या नव्या रस्त्याचं तर नावच 'मिसिंग लिंक'. हरवलेलं सापडल्यावरही त्याला हरवलेलंच म्हणत राहायचं, ही कल्पना मला फार आवडली. अर्थात हे नाव दीड शतकाहून जुनं. माकड आणि माणूस यांच्या मधला हरवलेला जीव शोधण्याचं वेड एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांना लागलं होतं. १९१२ साली इंग्लंडातल्या पिल्टडाउन गावी तो सापडल्याचं जाहीर झालं. लंडनचे मोठमोठे विद्वान ती कवटी हातात घेऊन डोलले. पुढे ४१ वर्षांनी, १९५३ साली, असं उघडकीला आलं, की कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा आणि दोन्ही शोभून दिसावेत म्हणून दात कानशीने घासलेले. म्हणजे लिंक होती, पण कुणीतरी जुळवलेली. इंग्रज कसे का असेनात, "जुळवली कुणी?" हा प्रश्न त्यांनी विचारला आणि अजूनही विचारतात. आमच्या बँकेत हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि माझं भांडण तिथेच आहे.

गैरसमज नको. इंग्रजी शब्द दिसला की लाठी घेऊन धावणाऱ्यांतला मी नव्हे. टेबल, पेन, स्टेशन ही आमच्या घरचीच मंडळी. माझी तक्रार या एकट्या इसमाबद्दल आहे. पण शत्रूचं घराणं पाहिल्याशिवाय भांडण काढू नये, म्हणून एका रविवारी मी जाडजूड इंग्रजी कोश मांडीवर घेतला आणि जेवायच्या हाका येईपर्यंत उठलो नाही.

घराणं निघालं लोहाराचं! हा शब्द अस्सल इंग्रजही नाही. उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून तो साधारण पंधराव्या शतकात इंग्रजीत उतरला. त्याचे सख्खे भाऊ स्वीडिश आणि डॅनिश भाषेत अजून नांदतात. डेन्मार्कमधला भाऊ पायातल्या बेडीचं काम करतो. जुन्या इंग्रजीत याच कुळातला एक शब्द चिलखताच्या कड्यांसाठी होता. जर्मन भाषेत याची एक चुलत बहीण आहे 'गेलेंक', म्हणजे हाडाचा सांधा. माझा उजवा गुडघा गेली चार वर्षं जी कुरकुर करतो आहे ती या नात्यानेच असावी. सगळ्या कुळाच्या मुळाशी अर्थ आहे वाकण्याचा. लोखंडाची सळई तापवायची, वाकवायची, दोन टोकं भेटवायची. झाली लिंक. आपल्याकडे तिला कडी म्हणतात.

एका नावाखाली तोतयेही बरेच निघाले. गोल्फच्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात, त्याचा साखळीशी काही संबंध नाही. तो उंचवट्याच्या जमिनीसाठी असलेला निराळाच जुना शब्द. जर्मन शिकणाऱ्या माझ्या भाचीने सांगितलं की तिकडे 'लिंक्स' म्हणजे डावीकडे. पण सगळ्यात मजेदार तोतया निघाला मशाल. जुन्या लंडनमध्ये रस्त्यावर दिवे नसत तेव्हा वाट दाखवायला पोरं मशाली घेऊन उभी असत. मशालीला लिंक म्हणत आणि पोराला 'लिंकबॉय'. चार पैसे दिले की तो तुम्हाला घरी पोचवी. यातली काही पोरं गिऱ्हाइकाला उजेड दाखवत दाखवत सरळ अंधाऱ्या बोळात नेत आणि तिथे दबा धरून बसलेल्या लुटारूंच्या हवाली करत, अशीही त्यांची ख्याती होती. हे वाचलं आणि मी कोश मिटून पाच मिनिटं स्वस्थ बसलो. 'वीज तोडली जाणार आहे, या लिंकवर त्वरित क्लिक करा' असा संदेश आमच्या चाळीत ज्यांना ज्यांना आला, त्यांना हा तोतया मुळीच तोतया वाटणार नाही.

खरी लिंक मात्र बिचारी प्रामाणिक होती. इतकी, की इंग्रजांनी तिला जमीन मोजायला लावली. एडमंड गंटर नावाच्या पाद्र्याने १६२० च्या सुमारास मोजणीची साखळी तयार केली. लांबी ६६ फूट, कड्या बरोबर १००, एकेक कडी ७.९२ इंचांची. ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी. तेव्हा गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात नक्की शंभर लिंका असतात, हे मी आमच्या गच्चीवरच्या क्रिकेटतज्ज्ञांना ऐकवून आलो. याच साखळीच्या निम्म्या लांबीचा, ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. (गंटर आणि गुंठा यांची नावं जुळतात म्हणून लगेच सोयरीक काढू नका. मी काढली होती आणि एका निवृत्त सर्व्हेअरसमोर तोंडघशी पडलो.)

या साखळीचं मला काय आवडलं सांगू? ती धरायला दोन टोकांना दोन माणसं लागत. कडी वाकली की माप चुके, पण कुठली कडी वाकली ते बोटाने दाखवता येई. पुढे कागदावरच्या मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे उडी मारायची कल्पना निघाली, १९६५ साली टेड नेल्सनने तिला 'हायपरटेक्स्ट' हे नाव दिलं, १९८९ साली टिम बर्नर्स-ली याने जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सगळ्या जगाचे कागद एकमेकांत अडकवण्याचा प्रस्ताव मांडला आणि लिंक जी लोखंडातून उठली ती हवेत गेली. तिथपर्यंतही माझी हरकत नाही. निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं, त्याला लिंक म्हणा नाहीतर दुवा म्हणा. दुवा मला जास्त आवडतो, कारण तोच शब्द अरबीतून आलेल्या आशीर्वादालाही चालतो आणि आशीर्वादावर क्लिक करायला भीती वाटत नाही.

माझी हरकत सुरू होते आमच्या आत्यापासून.

आत्या वाईच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एकटी राहते. पंच्याहत्तरी उलटलेली, मूलबाळ नाही, मामा जाऊन वीस वर्षं झाली. आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणते, "तुमच्या घरात चुलीला धूर न्हाई आन् मानसाला येळ न्हाई." मी पाठवतो ते पैसे ती डब्यात घालून ठेवते आणि मी गेलो की माझ्यावरच खर्च करते. तिचे स्वतःचे म्हणजे श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये. त्यात तिचं किराणा-सामान, रक्तदाबाच्या गोळ्या आणि देवाचं तेल. कुणाकडे हात पसरावा लागत नाही याचा तिला कोण अभिमान!

ते पैसे यायचे थांबले. पहिले दोन महिने ती गप्प बसली. तिसऱ्या महिन्यात एसटीने तालुक्याला गेली. (पंच्याहत्तरीनंतर तिकीट फुकट, एवढीच काय ती चैन.) कचेरीत सांगितलं, "आजी, खात्याला आधार लिंक नाही. बँकेत जा." बँकेत सांगितलं, "आजी, आधार लिंक आहे. कचेरीत जा." कचेरी ते बँक अंतर पाऊण किलोमीटर, उन्हातलं. ती सात महिने हे अंतर चालली. शेवटी शेजाऱ्याच्या फोनवरून तिने मला विचारलं, "आरं, ते म्हनत्यात लिंक न्हाई. ह्ये म्हनत्यात हाय. मंग हाय का न्हाई? आन् लिंक म्हंजे रं काय?"

मी शिकलासवरलेला माणूस. मी म्हटलं, "आत्या, लिंक म्हणजे... लिंक गं." आणि फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. गोळ्या तिने दोन महिन्यांपासून बंद केल्या होत्या हे तर मला तिथे गेल्यावर कळलं.

गेलो. दोन दिवस त्याच पाऊण किलोमीटरवर मीही येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी एक तरुण कारकून डबा खाता खाता म्हणाला, "काका, लिंका दोन असतात ना." त्याच्या घरी दूधदुभतं राहो! बँकेत खात्यापुढे आधार क्रमांक नोंदलेला असतो. ती एक लिंक, ओळख पटवण्यापुरती. दुसरी निराळीच. सगळ्या बँकांचे पैसे इकडचे तिकडे करणारी जी राष्ट्रीय संस्था आहे तिच्या वहीत प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचं नाव असतं आणि आधारवर पाठवलेले सरकारी पैसे तिकडेच जातात. खाती चार असोत, वहीत नाव शेवटी ज्या बँकेने चढवलं तिचं. या दुसऱ्या लिंकेला 'सीडिंग' असंही म्हणतात, म्हणजे पेरणी. पेरायचं एकीकडे आणि उगवायचं भलतीकडे! आत्याची पेन्शन पूर्वी खाते क्रमांकावर यायची, ती आधारवर यायला लागली आणि वाट बदलली.

आता वहीत कुठल्या बँकेचं नाव आहे? ते मोबाईलवर दिसतं म्हणाले. पण पाहायचं तर आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर आकडा येतो. ही तिसरी लिंक. आत्याच्या आधारवर कार्ड काढतेवेळी शेजारच्या ज्या पोराचा नंबर घातला होता तो पोरगा पुण्याला गेला आणि नंबरही बदलून बसला. मग आम्ही आधार केंद्रात. तिथे बोटांचे ठसे. जन्मभर भांगलण केली, जमिनी सारवल्या, त्या बोटांवर रेघा कुठल्या उरायला? यंत्र एकेका बोटाला नाही म्हणत गेलं. शेवटी डाव्या हाताच्या अंगठ्याने साथ दिली.

आणि मग उलगडा झाला. २०१४ साली शाळेच्या पटांगणात शिबिर भरलं होतं, त्यात आणखी एका बँकेने आत्याचं जनधन खातं उघडलं होतं. आत्याला खातं आठवत नव्हतं, शिबिर मात्र आठवत होतं. "चा दिल्ता त्या दिशी. ग्वाड व्हता." त्या खात्यात सात महिन्यांचे १०,५०० रुपये निमूट बसून होते. एक पैसा कुणी खाल्ला नव्हता. चोरी झाली असती तर निदान चोराला शिव्या तरी देता आल्या असत्या.

बघा म्हणजे, बँकवाला खोटं बोलला नाही आणि कचेरीही नाही. खोटं बोलला तो शब्द! तीन वेगवेगळे जोड त्याने एका बुरख्याखाली घातले. त्या पहिल्या दिवशी बँकेत कुणी नुसतं एवढं म्हटलं असतं, "आजी, तुमचा आधार नंबर आमच्याकडे नोंदलेला आहे, पण पैसे कुठे धाडायचे त्या वहीत आमचं नाव नाही," तर आत्याने तिथल्या तिथे विचारलं असतं, "मंग कुनाचं हाय?" ती चार बुकं शिकलेली नाही, पण दुसऱ्याच्या गोठ्यात आपलं वासरू बांधलेलं असलं तर ते कसं शोधायचं हे तिला कळतं.

मराठीत जोडाला काय शब्द कमी आहेत? आत्याच्याच घरात मी मोजले. ती गोधडीला टाका घालते, वाकळ शिवते, फुलं ओवते, गाय दाव्याला बांधते, पदराला गाठ मारते, पाकीट चिकटवते, तुटलेली खुर्ची सुताराकडून सांधून आणते, घागरीला डाख लावून घेते. यातल्या प्रत्येकाची मोडायची रीतही वेगळी. शिवलेलं उसवतं, बांधलेलं सुटतं, चिकटवलेलं निघतं, सांधा निखळतो, डाख उडतो. त्यामुळे काय बिघडलं हे कळताक्षणी कुणाकडे जायचं तेही कळतं. उसवलं तर शिंपी, निखळलं तर सुतार नाहीतर हाडवैद्य. लिंक गेली तर जायचं कुणाकडे? त्या क्रियापदाला कर्ताच नाही. लिंक होते, लिंक होत नाही, लिंक फेल असते. पावसासारखी. कुणी जोडली, कुणी तोडली, कुणी जोडायची विसरला, हे त्या वाक्यात बसतच नाही. आणि ही योजना कुणाच्या नावाची, तर श्रावणबाळाची! त्याचीही जोडणीच होती की. कावडीच्या एका टोकाला आई, दुसऱ्याला वडील आणि मधे त्याचा स्वतःचा खांदा. आता टोकं दोन्ही जागच्या जागी आहेत. खांदा तेवढा गेलाय.

मुलाला हे ऐकवलं तर तो म्हणतो, "बाबा, एकच शब्द सगळीकडे चालतो, सोयीचं आहे." सोयीचं आहे, पण कुणाच्या? जो काउंटरच्या आत बसतो त्याच्या. बाहेर उभा असलेल्याला तर त्या शब्दाने सात महिने उन्हात चालवलं. कडी या शब्दाचा मराठीत आणखी एक उपयोग आहे, दाराला आतून लावायची असते ती. काउंटरवर 'लिंक' म्हणतात तेव्हा मला तीच सरकल्याचा आवाज येतो.

म्हणून माझी साधी मागणी आहे. पैशाच्या आणि पेन्शनच्या खिडकीवर या शब्दाला बंदी घाला. ज्याला तो उच्चारायचाच असेल त्याने काय कशाला जोडलं आहे, कुणी जोडायचं होतं आणि राहिलं असेल तर कुठल्या टेबलापाशी राहिलं आहे, हे पुढच्या वाक्यात मराठीत सांगावं. दोन वाक्यं जास्त बोलावी लागतील. बोला की! पूर्वी साहेब जेवायला गेल्याचं किती रंगवून सांगत होतात.

आत्याचे पैसे आता पुन्हा जुन्या बँकेत येतात, गोळ्याही सुरू आहेत. पण तिचा या प्रकारावर काडीचा विश्वास राहिलेला नाही. मागच्या महिन्यात तिच्याबरोबर बँकेत गेलो तेव्हा तिने पिशवीतून पासबुक काढून खिडकीत सरकवलं. कारकुनाने ते छपाईच्या यंत्रात घालायला घेतलं, तर जाईना. उलटसुलट करून पाहिलं. आत्याने दोन्ही बँकांची पासबुकं एकमेकांना पाठ लावून गोधडीच्या दोऱ्याने चारी बाजूंनी टाचून टाकली होती.

"आजी, हे काय केलंत?" तो म्हणाला.

"लिंक," आत्या म्हणाली.

त्याने उसवून द्या म्हणून खूप विनवलं. आत्या काही उसवायला तयार झाली नाही. शेवटी त्याने पेन काढलं आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी हाताने लिहून, खाली सही करून दिल्या.